फ्रँकफुर्ट-हान: नाव सोनुबाई, पार्किंग मात्र झकास

माझ्या ओळखीतल्या निदान चार मराठी घरांनी आजवर फ्रँकफुर्ट समजून हानचं तिकीट काढलंय. त्यातला एक तर स्वस्ताईवर खूश होऊन थेट फ्रँकफुर्टच्या मोठ्या विमानतळावर जाऊन उभा राहिला. बोर्डावर आपलं विमान शोधत टर्मिनल एकमधून दोनमध्ये गेला, परत आला आणि मग तिकिटावरची ‘एचएचएन’ ही तीन अक्षरं त्याने पहिल्यांदा नीट वाचली. विमान सुटायला सव्वा तास होता आणि हान तिथून शंभर किलोमीटरच्या पुढे. तो त्या दिवशी गेला नाही, हे वेगळं सांगायला नको.

तर आधी हे. फ्रँकफुर्ट-हान विमानतळ फ्रँकफुर्टमध्ये नाही, फ्रँकफुर्टच्या जवळ नाही, एका राज्यातसुद्धा नाही. फ्रँकफुर्ट हेसेनमध्ये. हान ऱ्हाइनलँड-फाल्त्समध्ये, हुन्सऱ्यूकच्या पठारावर, शेतं आणि पवनचक्क्यांच्या मधोमध. फ्रँकफुर्टच्या मुख्य स्टेशनावरून बसने पावणेदोन तास लागतात. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण जर्मनीत नाही, पण विमानतळ आहे.

एवढं बोलून झाल्यावर सांगते, की मला हान आवडतो. मी बिंगेनला राहते, तिथून गाडीने पाऊण-एक तास. ताई मिलानला असते, त्यामुळे २०१७ पासून वर्षातून चार-पाच वेळा हान ते बेर्गामो असं माझं येणं-जाणं चालू आहे; बेर्गामो म्हणजे मिलानच्या बाजूचा स्वस्त विमानांचा विमानतळ. शिवाय माझी नोकरी फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांचा माल इकडून तिकडे पोचवायची व्यवस्था करण्याची. दिवसभर एअरवे बिलं (विमानाने जाणाऱ्या मालाची कागदपत्रं), पॅलेटची मापं आणि ‘माल कुठे अडकला’ हे फोन. म्हणजे प्रवासी म्हणून मला हान एका बाजूने दिसतो आणि माल पाठवणारी म्हणून दुसऱ्या बाजूने. या विमानतळाचं पुढे काय होणार, असं ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात, कारण इथे घर घ्यावं का, इथल्या बस चालू राहतील का, असले प्रश्न त्यात अडकलेले असतात. म्हणून हे लिहायला बसले.

सकाळच्या पहिल्या विमानाला मी सव्वाचारला निघते. ऱ्हाइनच्या खोऱ्यातून वर चढलं की तापमान तीन-चार अंशांनी उतरतं. विमानतळ समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर उंचावर आहे आणि ती उंची खिडकीची काच खाली केली की नाकाला कळते. झिमर्न गावाच्या पुढे दोन्ही बाजूंना पवनचक्क्यांचे लाल दिवे एका तालात उघडझाप करतात. मग एक गोल चौक, एक पेट्रोल पंप आणि अचानक पार्किंगचा अवाढव्य पसारा. एवढी जागा फुकट जाताना मी दुसऱ्या कुठल्या विमानतळावर पाहिलेली नाही. हव्या त्या रांगेत, हव्या त्या दिव्याखाली गाडी लावा, बॅग ओढत दारापर्यंत पाच मिनिटं.

आत सगळं एका नजरेत मावतं. काउंटर, सिक्युरिटी, दुकान, गेट. मागच्या मार्चमध्ये मी गंमत म्हणून घड्याळ लावलं होतं: गाडीला कुलूप लावल्यापासून गेटजवळच्या खुर्चीत बसेपर्यंत एकवीस मिनिटं. फ्रँकफुर्टला एवढ्या वेळात मी पार्किंगच्या लिफ्टपर्यंत पोचते. विमानाला जोडणारा बोगदा वगैरे भानगड नाही. दार उघडतं, आपण काँक्रीटवरून चालत जाऊन जिना चढायचा. जानेवारीत वाऱ्याने कान तुटायला येतात, तेव्हा टोपी बॅगेत ठेवू नका, डोक्यावर ठेवा.

आई इथे आली होती तेव्हा तिलाही याच वाटेने ताईकडे नेलं. टर्मिनलच्या दारात उभी राहून तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाली, “एवढंच? अगं, आपला एसटी स्टँड याहून मोठा आहे की.” मग थोडं थांबून, “पण स्वच्छ आहे हो. आणि गर्दी कशी नाही?”

गर्दी कशी नाही, हाच खरा प्रश्न आहे. मला ज्या रिकामेपणाचं सुख वाटतं, त्याच रिकामेपणाने हा विमानतळ आजारी पडलाय.

धावपट्टीवरून विमान निघतं तेव्हा खिडकीतून गवताने झाकलेले काँक्रीटचे घुमट दिसतात. ती जुनी लष्करी निवारास्थानं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे अमेरिकन हवाई दलाचा तळ होता, शेवटच्या काळात एफ-१६ लढाऊ विमानं होती. शीतयुद्ध संपलं आणि १९९३ मध्ये अमेरिकनांनी तळ सोडला. मागे उरली ती भलीमोठी धावपट्टी आणि पगार गेलेला भाग. त्या धावपट्टीचं काय करायचं, या प्रश्नाला मिळालेलं उत्तर म्हणजे आजचा हान. १९९९ मध्ये रायनएअर ही स्वस्त विमान कंपनी लंडनच्या स्टॅन्स्टेडहून इथे उतरायला लागली आणि २००२ मध्ये तिने इथे बेस टाकला, म्हणजे विमानं आणि कर्मचारी मुक्कामालाच ठेवले. युरोपच्या मुख्य भूमीवरचा तिचा पहिला बेस बेल्जियममधल्या शार्लरुआचा, हा दुसरा. धावपट्टी आज ३,८०० मीटरची आहे. स्वस्त विमान कंपनीच्या बोइंग ७३७ला एवढी लागत नाही. दुपारच्या डब्याला लग्नाचं पातेलं काढावं, तसा तो प्रकार आहे.

२००७ मध्ये इथून सुमारे ४० लाख प्रवासी गेले-आले. २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधीच, तो आकडा १५ लाखांवर आला होता. कोविडनंतर सावरला, पण २००७च्या जवळपासही नाही. लोकांना वाटतं महामारीने मारलं. नाही. महामारीने फक्त झाकण उघडलं.

मारलं कशाने, ते मी माझ्या एका तिकिटावर दाखवते. मे २०२४ पासून जर्मनीतून जवळच्या देशात जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे विमान कर १५.५३ युरो झाला. त्यानंतर मी हान-बेर्गामो असं एकेरी तिकीट काढलं १९.९९ला. सरकारचे १५.५३ वजा केले की उरतात ४.४६ युरो. त्यातून सिक्युरिटीचं शुल्क, विमानतळाचं शुल्क, हवाई नियंत्रणाचं शुल्क, इंधन, पायलट आणि मला सीट बेल्ट कसा लावायचा ते दाखवणारी बाई. उघड आहे की हे तिकीट कंपनीने पदरमोड करून दिलेलं आहे. ती भरपाई माझ्या शेजारी बसलेल्या, आदल्या रात्री तिकीट काढलेल्या आणि मोठी बॅग आणलेल्या गृहस्थाकडून होते. पण असे गृहस्थ पुरेसे नसले की कंपनी पहिल्यांदा कुणाकडे वळते? विमानतळाकडे. ‘तुमचं शुल्क कमी करा, नाहीतर विमान दुसरीकडे नेतो.’ आणि विमानाला चाकं असतात, विमानतळाला नसतात.

ही धमकी कागदावरची नाही. रायनएअरने २०२५च्या उन्हाळी वेळापत्रकातून डॉर्टमुंड, ड्रेस्डेन आणि लाइपत्सिग सरळ वगळले. जर्मन सरकारने आता हा कर जुलै २०२६ पासून मे २०२४ च्या आधीच्या पातळीवर न्यायचं ठरवलंय. म्हणजे माणशी अडीच युरोचा दिलासा. पाच युरो मागे उरणाऱ्या तिकिटात अडीच युरो थोडे नाहीत, हे खरं. पण तो दिलासा सगळ्या जर्मन विमानतळांना सारखाच मिळणार. त्याने हानकडे वळायला कुणाला वेगळं कारण मिळत नाही.

हानचं खरं दुखणं भूगोलाचं आहे, आणि ते मला बेर्गामोला उतरल्यावर दर वेळी नव्याने कळतं. २००२च्या सुमारास हे दोन विमानतळ जवळपास सारखे होते, दोघंही वर्षाला १५ लाख प्रवाशांच्या आतले. दोघांनाही तीच विमान कंपनी मिळाली, दोघांनीही मोठ्या शहराचं नाव उसनं घेतलं. आज बेर्गामो दीड कोटीच्या पुढे आहे. शार्लरुआ, त्यांचा तिसरा भाऊ, कोटीच्या आसपास. फरक एवढाच, की बेर्गामोहून मिलान पन्नास किलोमीटर, शार्लरुआहून ब्रसेल्स साठेक, आणि हानहून फ्रँकफुर्ट एकशेवीस. पन्नास किलोमीटर माणूस पंचवीस युरो वाचवायला जातो. एकशेवीस किलोमीटर जायला पंचवीस युरो पुरत नाहीत.

शिवाय बेर्गामोला भोवती अख्खा लोंबार्दी आहे, कोटभर लोक, कारखाने, पोराबाळांना भेटायला येणारे आजी-आजोबा, फुटबॉल बघायला जाणारे. विमान नुसतं मिलानसाठी भरत नाही, दोन्हीकडून भरतं. हान ज्या जिल्ह्यात आहे त्याची एकूण लोकसंख्या लाखभर. त्यामुळे हानला गिऱ्हाईक नेहमी दुसऱ्याच्या अंगणातून उचलून आणावं लागलं: माइन्त्स, कोब्लेंत्स, ट्रियर, लक्झेंबर्ग. आणि मग एकेक अंगण बंद होत गेलं. कोलोन-बॉनला स्वस्त विमानं वाढली. २०१६ पासून लक्झेंबर्गहूनच रायनएअर उडायला लागली, म्हणजे तिथल्या लोकांना मोझेल नदी ओलांडून इकडे यायचं कारण उरलं नाही. आणि २०१७ मध्ये खुद्द हानला मोठं करणाऱ्या कंपनीने खुद्द फ्रँकफुर्टच्या मोठ्या विमानतळावर दुकान मांडलं. शुल्कावरून वाजलं आणि २०२२ मध्ये ती तिथून गेली, हा भाग वेगळा. पण मधली पाच वर्षं हानला भारी पडली. दुकानदाराने आपल्याच जुन्या शाखेसमोर नवी शाखा उघडावी, तसं.

रस्त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. रस्ता केला! आणि कसला केला. मोझेलच्या खोऱ्यावर १.७ किलोमीटर लांबीचा, साधारण १६० मीटर उंचीचा पूल उभारला, होखमोझेल नावाचा. द्राक्षबागांच्या मालकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, खटले झाले, खर्च वाढला. बेल्जियम-हॉलंडची बंदरं हानमार्गे फ्रँकफुर्टच्या पट्ट्याला जोडायची, असा त्यामागचा एक हिशोब होता. पूल खुला झाला नोव्हेंबर २०१९ मध्ये. प्रवासी तोवर चाळीस लाखांवरून पंधरावर आलेले. बैल गेला आणि झोपा केला, तोही १६० मीटर उंच. मी त्या पुलावरून जाते तेव्हा मात्र, खरं सांगते, वाईट काही आठवत नाही. खाली नदीचं वळण, उतारावर वेली, आणि गाडी आकाशात.

रेल्वेची गोष्ट याहून छोटी आहे. पठारावरून जाणारी एक जुनी लोहमार्गाची ओळ आहे. ती पुन्हा सुरू करून विमानतळाला जोडायची चर्चा मी जर्मनीत येण्याच्या आधीपासून चालू होती, आजही चालू आहे. गाडी नाही.

बसवर सगळी भिस्त असल्यामुळे काय होतं, ते मी अनुभवलंय. गाडी गॅरेजला होती म्हणून एका रविवारी रात्री उतरल्यावर बस धरायची होती. विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं. बस कंपनीचं नाव घेत नाही, पण वेळापत्रकात ‘विमानाला जोडून’ असं लिहिलं होतं आणि बस विमानाची वाट न बघता वेळेवर निघून गेली होती. जर्मनीत सगळं उशिरा येतं आणि आपण उशिरा आलो की तेवढं वेळेवर जातं. आम्ही सहा जण थांब्यावर. शेवटी एक पोलिश जोडपं आणि मी मिळून टॅक्सी केली. तिचं भाडं माझ्या जाण्यायेण्याच्या तिकिटाच्या दुपटीहून जास्त झालं. ‘लो कॉस्ट’ची कॉस्ट कुठे बसते ते त्या रात्री मी नीट शिकले. तेव्हापासून माझा नियम: स्वतःची गाडी असेल तरच हान. नसेल तर तिकिटात बसचे पैसे आणि एका रात्रीच्या हॉटेलची शक्यता मिळवून मग फ्रँकफुर्टशी तुलना करा.

मालकांची कहाणी तर जत्रेतल्या तमाशासारखी रंगते. फ्रँकफुर्टचा विमानतळ चालवणारी फ्रापोर्ट कंपनी आधी इथली मोठी भागीदार होती. २००९ मध्ये तिने आपला हिस्सा राज्य सरकारला विकला, एक युरोला. चूक वाचली नाहीत, एक युरो. मग राज्यालाही तोटा सोसवेना. २०१६ मध्ये शांघायच्या एका कंपनीला विकायचं ठरलं, करार झाला, फोटो निघाले. इथल्या पत्रकारांनी शांघायला जाऊन दिलेल्या पत्त्यावर दार ठोठावलं, तर तिथे त्या कंपनीचं काहीच दिसेना. सौदा मोडला, राज्याच्या मुख्यमंत्र्यांवर अविश्वास ठराव आला, त्या थोडक्यात वाचल्या. २०१७ मध्ये चीनच्याच एचएनए समूहाने ८२.५ टक्के हिस्सा साधारण दीड कोटी युरोला घेतला. हा समूह खरा होता, फक्त कर्जात बुडालेला. त्याचं दिवाळं निघालं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये हानही दिवाळखोरीत गेला.

जर्मनमध्ये ‘हान’ म्हणजे कोंबडा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. इथे मालक बदलून बदलून कोंबडं झाकलं, पण ताळेबंदात तांबडं फुटायचं काही राहिलं नाही.

२०२३ मध्ये ट्रियरची ट्रिवो ही कंपनी मालक झाली, आणि पुढचा अंदाज बांधायचा तर या कंपनीकडे बघावं लागतं. ट्रिवो मुळात विमानवाली नाही, जागावाली आहे. जुने लष्करी तळ, बंद पडलेले कारखाने घ्यायचे, त्यांचे औद्योगिक पार्क करायचे, शेड भाड्याने द्यायच्या. याच राज्यात त्स्वाइब्रुकेन नावाचा आणखी एक विमानतळ होता, तोही जुना लष्करी तळ. तिथून जेमतेम चाळीस किलोमीटरवर सारब्रुकेनचा विमानतळ असताना सरकारी पैशावर दुसरा चालवायचा कशाला, म्हणून युरोपियन कमिशनने दिलेली मदत परत घ्यायला लावली. २०१४ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, प्रवासी विमानं थांबली, आणि तो घेतला ट्रिवोने. आज तिथे कारखाने आहेत, गाड्यांच्या चाचण्या होतात. सुट्टीला जाणाऱ्यांचं विमान मात्र उडत नाही.

आमच्या ऑफिसात यावर दोन तट आहेत. माझा एक सहकारी म्हणतो, हानचं त्स्वाइब्रुकेन होणार, दहा वर्षांत टर्मिनलमध्ये गोदाम असेल. मला तसं वाटत नाही. जागावाल्याला तरी इथे प्रवासी का हवेत? कारण अग्निशमन दल, टॉवर, बर्फ काढायची यंत्रं, हे सगळं मालवाहू विमानासाठी ठेवावंच लागतं. ते ठेवलंच आहे तर दिवसाला काही ७३७ येऊन त्या खर्चाचा वाटा उचलत असतील आणि तीन दिवसांचं पार्किंग विकलं जात असेल, तर त्यांना कोण नको म्हणेल? स्वस्त विमानतळ विमानांवर नाही, गाड्यांवर जगतो. माझ्या त्या १९.९९ च्या प्रवासात हानला विमान कंपनीकडून काय मिळालं असेल ते मिळो, चार दिवस गाडी ठेवल्याचे मी त्याहून नक्कीच जास्त दिले.

राहिली रात्र. हानला चोवीस तास विमानं उतरवायची परवानगी आहे. फ्रँकफुर्टला २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणांना बंदी. राजकारणी भाषणात हीच गोष्ट सांगतात: फ्रँकफुर्ट झोपतं तेव्हा हान जागा असतो. ऐकायला छान आहे. पण मी रोज माल पाठवते, तर जरा खालून बघू. रात्री जागा असलेला हान एकटाच आहे का? लाइपत्सिगला डीएचएलचा मोठा तळ रात्रभर चालतो. कोलोन-बॉनला यूपीएस आणि फेडेक्स. बेल्जियमचं लीएज चोवीस तास उघडं आणि तिथे चिनी ई-कॉमर्सचा माल येतो. म्हणजे रात्रीच्या बाजारात हान एकटा दुकानदार नाही, गल्लीच्या टोकाचा आहे.

आणि दुसरं. माझ्या गिऱ्हाइकाचा माल पहाटे तीनला हानला उतरला, तरी तो जातो कुठे? ट्रकवर चढतो आणि फ्रँकफुर्ट विमानतळाच्या मालवाहतुकीच्या भागात, कार्गोसिटी सूदला येतो, कारण सगळ्या फॉरवर्डरची गोदामं, कस्टमची माणसं, सगळं जाळं तिथे आहे. दोन तास ट्रक, मग सकाळी सातपर्यंत रांग. रात्री उतरून कमावलेला वेळ रस्त्यात आणि रांगेत अर्धा जातो. हानला हे हवं असेल तर गोदामं आणि माणसं तिथेच वसवायला हवीत, आणि हे काम विमानवाल्यापेक्षा जागावाल्याला जास्त जमण्यासारखं आहे. म्हणून ट्रिवोबद्दल मी माझ्या सहकाऱ्यापेक्षा बरी आशा बाळगून आहे. अवजड यंत्रं, एखाद्या मालासाठी खास भाड्याने घेतलेलं सुटं विमान, घोडे, असला माल हानला शोभतो. तिथे ती लग्नाच्या पातेल्यासारखी धावपट्टी खरंच कामी येते.

प्रवाशांचं विचाराल तर एक मोजपट्टी आहे, युरोपियन कमिशनचीच, २०१४ च्या नियमावलीतली. वर्षाला दोन लाखांखालचा विमानतळ रोजचा खर्चही बव्हंशी भागवू शकत नाही. सात लाखांपर्यंत थोडाफार, दहा लाखांपर्यंत बराचसा. दहा ते तीस लाखांत सरासरीने रोजचा बहुतेक खर्च निघतो, आणि तीस लाखांच्या पुढे गेलं की धंदा सहसा फायद्याचा. छोट्या विमानतळांना रोजच्या खर्चासाठी सरकारी मदत द्यायची मुभा आधी २०२४ पर्यंत होती, ती २०२७ पर्यंत वाढवली. हान या पट्टीवर बरोबर मधल्या खणात बसतो: तगेल, पण वाढवायला पैसा शिल्लक राहणार नाही. पुढच्या दहा वर्षांत मी इथे पंधरा ते पंचवीस लाखांच्या दरम्यान हेलकावे धरते. एखादं विमान जास्त ठेवलं तर वर, काढलं तर खाली. चाळीस लाख पुन्हा दिसणार नाहीत. त्यासाठी फ्रँकफुर्टला हुन्सऱ्यूकच्या जवळ सरकावं लागेल.

घर घ्यावं का, असं विचारणाऱ्यांना: विमानतळ वाढेल या भरवशावर घेऊ नका. शांतता हवी म्हणूनही घेऊ नका, रात्री तीनला ७४७सारखं अवाढव्य विमान उतरतं. मधलं काही कारण असेल तर बघा.

एकदा जानेवारीत बेर्गामोहून परत येताना गोठणाऱ्या पावसाने हानची धावपट्टी काच झाली होती. आमचं विमान कोलोनला उतरवलं आणि तिथून बसने रात्री पावणेदोनला हानला आणून सोडलं. ड्रायव्हर पुलाच्या आधी माइकवर म्हणाला, “आता जपून बसा.” पार्किंगमध्ये माझी पोलो बर्फाच्या पापुद्र्यात गोठून बसलेली. दार उघडेना. शेजारच्या रांगेतला एक म्हातारा स्वतःची काच खरवडून झाल्यावर काही न बोलता माझ्याकडे आला आणि खरवडणी हातात दिली. मग ती तशीच माझ्याकडे सोडून निघून गेला. अजून डिकीत आहे.

तारे द्यायचे तर गाडीवाल्यांनी चार समजावेत, बसवाल्यांनी दोन. पुढच्या महिन्यात ताईच्या लेकाची मुंज नाही की बारसं नाही, नुसताच वाढदिवस, तरी तिकीट काढलंय. मागच्या वेळी परत आले तेव्हा विमानातून बहुधा साठ-सत्तर माणसं उतरली असतील, निम्म्याहून जास्त खुर्च्या मोकळ्या होत्या. ताईचा मेसेज आला, “उतरलीस का?” मी तोवर हायवेला लागले होते.